‘लिहायचं नाही’ असं जिने लिहिलं

मादाम द मेर्तय ही तरुण, श्रीमंत आणि सगळ्या पॅरिसला सोज्वळ वाटणारी विधवा. आपल्या जुन्या प्रियकराला, व्हिकाँत द व्हाल्माँला, ती एक लांबलचक पत्र लिहिते. ‘ले लिएझाँ दांजरूझ’ या फ्रेंच कादंबरीतलं हे ८१ वं पत्र. आपण कशा घडलो हे ती त्यात सांगते. लोकांसमोर चेहरा कोरा ठेवायला कशी शिकले, लग्न झाल्यावर काय पाहिलं, नवरा गेल्यावर दुसरं लग्न का टाळलं. मग स्वतःसाठी घालून घेतलेले नियम येतात. त्यातला एक असा की कधीही काही लिहायचं नाही, कसलाही पुरावा कुणाच्या हाती पडू द्यायचा नाही.

हे ती लिहून पाठवते. सहीशिक्क्यासह.

कादंबरीच्या शेवटी पॅरिसभर जी दोन पत्रं हातोहात फिरतात त्यांतलं एक हेच. मग तिला कुणी दारात उभं करत नाही.

पिएर शोदर्लो द लाक्लो या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने १७८२ साली ही कादंबरी छापली. पहिल्या छपाईच्या दोन हजार प्रती महिन्याभरात संपल्या. पुस्तकात १७५ पत्रं आहेत आणि प्रस्तावना व तळटीपा सोडल्या तर पत्रांखेरीज काही नाही. निवेदक नाही, वर्णनं नाहीत. लाक्लोने आयुष्याचा मोठा भाग किल्ल्यांची तटबंदी आणि तोफा यांत घालवला होता. ते त्याच्या भाषेत उतरलं आहे. स्त्री वश झाल्याची बातमी व्हाल्माँ लढाईचा अहवाल पाठवावा तशी पाठवतो, आणि मला त्युरेन आणि फ्रेडरिक यांच्या पंक्तीला बसवून जोखा म्हणतो. त्युरेन हा आदल्या शतकातला नामांकित फ्रेंच सेनापती, फ्रेडरिक हा त्या काळचा प्रशियाचा लढवय्या राजा.

या प्रकरणातला पेच एवढाच, की जिथे कागदानेच माणसं मरतात ती गोष्ट पडद्यावर आणायची कशी? पडद्यावर कागद म्हणजे हातातली एक वस्तू. तो वाचून दाखवावा लागतो, आणि वाचून दाखवला की प्रेक्षक पेंगतो. १९८८ आणि १९८९ या लागोपाठच्या वर्षांत स्टीफन फ्रिअर्स आणि मिलोश फोरमन या दोन मोठ्या दिग्दर्शकांनी हा पेच आपापल्या परीने सोडवला. एकाचा चित्रपट गाजला, दुसऱ्याचा आपटला. आधी आलेला जिंकला, असं एका वाक्यात सांगून लोक मोकळे होतात. मला ते अर्धवट वाटतं.

आधी नाटक झालं

फ्रिअर्सचा चित्रपट चित्रपट म्हणून सुरू झालाच नव्हता. सप्टेंबर १९८५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्या रंगमंचावर याच कादंबरीवरचं ख्रिस्तोफर हॅम्प्टनचं नाटक केलं. व्हाल्माँ होता अ‍ॅलन रिकमन, मेर्तय लिंडसे डंकन, व्हाल्माँचं सावज तूरव्हेल ज्युलिएट स्टीव्हन्सन. तिथून ते लंडनला गेलं आणि १९८७ मध्ये ब्रॉडवेवर.

छोट्या रंगमंचावर पत्रांचा ढीग चालत नाही. कादंबरीत मेर्तय आणि व्हाल्माँ एकमेकांसमोर जवळजवळ येतच नाहीत. त्यांचं सगळं कटकारस्थान टपालाने चालतं. हॅम्प्टनने त्यांना एका दिवाणखान्यात आणून बसवलं. पत्रांचे संवाद झाले. ऐकायला हे सोपं वाटतं, पण याची किंमत मोठी आहे आणि तिच्याकडे पुढे वळायचं आहे. चित्रपटाची पटकथा लिहायला हॅम्प्टन बसला तेव्हा मुख्य प्रश्न त्याने प्रेक्षकांसमोर, प्रयोगागणिक तपासून आधीच मिटवलेला होता. घाई करणं त्याला परवडलं ते यामुळे.

आणि घाई होतीच. ‘अमेडियस’च्या आठ ऑस्करांनंतर मिलोश फोरमन हीच कादंबरी करायला घेतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रिअर्सच्या मंडळींनी १९८८ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या आसपासच्या खऱ्या वाड्यांतून चित्रण केलं आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला ‘डेंजरस लिएझन्स’ अमेरिकेत पडद्यावर आणला. खर्च सुमारे १.४ कोटी डॉलर. ऐतिहासिक चित्रपटासाठी, खऱ्या शॅतोंमध्ये, नावाजलेली नटमंडळी घेऊन हे काटकसरीचंच काम. स्टीफन फ्रिअर्स ब्रिटिश टीव्हीच्या शाळेत तयार झालेला, ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ नुकताच गाजलेला. कमी पैशांत, कमी दिवसांत काम उरकायची त्याला सवय होती. पंधराव्या लुईच्या गालिच्यावर पाय ठेवताना हा माणूस जराही बिचकलेला दिसत नाही.

लेखी हवं

गोष्ट थोडक्यात अशी. मेर्तयला एका प्रियकराने सोडलंय. तो आता सेसिल द व्होलांज या कॉन्व्हेंटमधून नुकत्याच बाहेर आलेल्या पोरीशी लग्न करणार आहे. स्थळ मोठं, मुलगी कोवळी, आणि त्याला हवी आहे ती तिची निरागसता. मेर्तय व्हाल्माँला सांगते, लग्नाआधी हिला बिघडव. व्हाल्माँ नकार देतो, हे फारच सोपं म्हणून. त्याची नजर आहे मादाम द तूरव्हेलवर. न्यायाधीशाची बायको, देवभोळी, नवऱ्यावर निष्ठा असलेली, सध्या व्हाल्माँच्याच म्हाताऱ्या मावशीच्या वाड्यावर पाहुणी. मेर्तय सौदा करते. तूरव्हेलला जिंक, पुरावा आण, आणि एक रात्र माझी.

पुरावा लेखी हवा. कादंबरीत ती हे कायद्याच्या भाषेत सांगते: महत्त्वाच्या व्यवहारात लेखी पुरावाच ग्राह्य धरला जातो. मला हे वाक्य सगळ्या कादंबरीची किल्ली वाटतं. जी बाई स्वतः लिहायचं नाही म्हणते, ती दुसऱ्याकडून मात्र लिहून घेते. सावकार आणि ऋणको यांच्यातला फरक तिला पक्का कळतो. फक्त व्हाल्माँच्या बाबतीत आपणही ऋणको झालोय, हे तिच्या लक्षात येत नाही.

चित्रपटाने कागद वस्तू म्हणून मुळीच सोडला नाही. सुरुवातीलाच एक हात पत्र उलगडतो आणि त्यावर चित्रपटाचं नाव असतं. पुढे व्हाल्माँ आपला हुजऱ्या आझोलां याच्या मदतीने तूरव्हेलच्या दासीला कोंडीत पकडतो आणि मालकिणीची पत्रं मिळवतो. त्यातून व्हाल्माँला कळतं की आपल्याविरुद्ध कान भरणारी बाई सेसिलची आई आहे. मघाशी सोपी म्हणून नाकारलेली पोर आता सूड म्हणून हवीशी होते. एक पत्र चोरलं गेलं आणि एका मुलीचं आयुष्य फिरलं, हे यंत्र चित्रपट चोख चालवतो. एमिली नावाच्या गणिकेच्या उघड्या पाठीवर कागद ठेवून व्हाल्माँ तूरव्हेलला प्रेमपत्र लिहितो, तो प्रसंगही आहे. कादंबरीत हे ४८ वं पत्र. प्रत्येक वाक्याला दोन अर्थ, एक वाचणारीसाठी आणि एक जिच्या पाठीवर टेकून लिहिलं तिच्यासाठी.

सेसिलच्या खोलीत व्हाल्माँ किल्ली मिळवून घुसतो, त्या प्रसंगाबद्दल मात्र आज वेगळं बोलावं लागतं. कादंबरी त्याला विजय म्हणते कारण तिथे लिहिणारा व्हाल्माँ आहे. दुसऱ्या दिवशीचं सेसिलचं पत्र वाचलं की तो विजय काय होता ते कळतं. पत्रांच्या कादंबरीत असा प्रतिसाक्षीदार आपोआप मिळतो. चित्रपटात सेसिल झालेली उमा थर्मन रडून मेर्तयकडे जाते, सल्ला मागते, मग प्रसंग विनोदाकडे झुकतो आणि पुढच्या रात्री सेसिल हसताना दिसते. इथे चित्रपट व्हाल्माँच्या बाजूने थोडा जास्तच कलतो. थर्मन तेव्हा अठरा वर्षांची होती. तिचं उमा हे नाव आपल्या पार्वतीचंच; वडील बौद्ध धर्माचे अभ्यासक.

तीन पत्रं, तीन चेहरे

आता मघाच्या किमतीकडे येऊ. कादंबरीतली तीन कळीची पत्रं हॅम्प्टनने तोंडी बोलणं केली.

पहिलं ८१ वं. चित्रपटात मेर्तय आपली घडण व्हाल्माँला समोर बसून सांगते. मेर्तय झालेल्या ग्लेन क्लोजने ते असं म्हटलंय की अंगावर काटा येतो. मेजाखाली हाताच्या पाठीत जेवणाचा काटा खुपसून वर हसायला कशी शिकले, हे ती एखादी पाककृती सांगावी तसं सांगते. पण बोललेलं हवेत विरतं. त्याची नक्कल निघत नाही. ज्या कबुलीजबाबाने ती पुढे बुडायची, त्याचा पुरावाच चित्रपटाने नष्ट करून टाकला! शेवटी पत्रं पॅरिसभर फिरतात हे खरं, पण त्यांत नेमकं काय आहे हे प्रेक्षकाला कादंबरीच्या वाचकाइतकं उमगत नाही.

दुसरं १४१ वं. व्हाल्माँ तूरव्हेलच्या प्रेमात खरोखर पडलाय हे मेर्तयला कळतं. तिला ते सहन होत नाही. ती एक नमुना पत्र रचून पाठवते, एका पुरुषाने एका बाईला कसं सोडलं त्याची गोष्ट म्हणून, आणि त्याचं पालुपद असं की दोष माझा नाही. व्हाल्माँ तेच पत्र आपल्या अक्षरात उतरवून तूरव्हेलला पाठवतो. एका बाईला दुसऱ्या बाईच्या मजकुराने, पुरुषाच्या हस्ताक्षरात मारलं जातं. इतकं नीच काही मी फार थोडं वाचलंय.

चित्रपटात तो स्वतः जातो आणि ते पालुपद तिच्या तोंडावर म्हणतो, माझ्या हातात नाही, माझ्या हातात नाही, पुन्हा पुन्हा. कादंबरीत इथे व्हाल्माँ कसा दिसतो हे आपल्याला कळतच नाही, कारण कुणी पाहणारा नाही. चित्रपटात व्हाल्माँ झालेल्या जॉन माल्कोविचचा चेहरा दिसतो. तो क्रूर शब्द उच्चारतो आणि प्रत्येक वेळी ते त्यालाच लागतात. तूरव्हेल झालेली फायफर जमिनीवर कोसळते. इथे चित्रपटाला जे मिळालं ते कादंबरीकडे नव्हतं. मिशेल फायफरला या भूमिकेसाठी बाफ्टा मिळालं ते अगदी योग्य. सोज्वळ बाई पडद्यावर रंगवणं फार कठीण असतं, कारण तिला बहुतेक वेळ नकारच द्यायचा असतो; फायफरचा प्रत्येक नकार आधीच्यापेक्षा थोडा दुबळा आहे.

तिसरं युद्धाचं. व्हाल्माँ निर्वाणीचं पत्र पाठवतो: माझी हो, नाहीतर शत्रू हो. मेर्तय त्याच कागदाच्या खाली उत्तर खरडून परत धाडते, ठीक तर, युद्ध. कागद वाया घालवत नाही. चित्रपटात ती हे तोंडावर म्हणते. दोन्ही ठिकाणी ते तितकंच थंड आहे, म्हणून इथे फारसं काही हरवलं असं मला वाटत नाही.

तिन्ही ठिकाणी सौदा एकच झाला. कागद दिला, चेहरा घेतला. फ्रिअर्सने मग त्या सौद्याशी पूर्ण इमान राखलं. छायाचित्रकार फिलिप रूसलोचा कॅमेरा सतत चेहऱ्याच्या जवळ असतो. वाडे, आरसे, झुंबरं सगळं आहे, स्टुअर्ट क्रेग आणि जेरार जेम्स यांना कलादिग्दर्शनाचं ऑस्करही मिळालं. पण चित्रपट त्या वैभवावर रेंगाळत नाही. एका दारातून माणूस आत येतो, दुसऱ्या दारामागे कुणीतरी ऐकत असतं. पोशाखांचा पसारा दाखवायची हौस असलेले ऐतिहासिक चित्रपट आपण खूप पाहिले आहेत. इथे जेम्स अ‍ॅचेसनचे कपडे गोष्टीला जुंपलेले आहेत. सुरुवातीलाच मेर्तय आणि व्हाल्माँ सजताना दिसतात. तिला दासी कॉर्सेटमध्ये आवळत आहेत, त्याच्या टोपावर पावडर उधळली जातेय आणि तो तोंडावर मुखवटा धरून बसलाय. हे चिलखत चढवणं आहे. अ‍ॅचेसनने आदल्याच वर्षी ‘द लास्ट एम्परर’साठी ऑस्कर घेतलं होतं, यासाठी पुन्हा घेतलं. तिसरं ऑस्कर हॅम्प्टनच्या पटकथेला.

फ्रेंच उमरावांच्या तोंडी अमेरिकी उच्चार ऐकून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. माल्कोविच तर शिकागोच्या रंगभूमीवरचा, देखणा म्हणावा असाही नाही. रिकमनला पाहिलेल्यांना तो चालणारच नव्हता. (रिकमनचं नुकसान झालं नाही, त्याच वर्षी तो ‘डाय हार्ड’चा खलनायक म्हणून जगभर पोहोचला.) माझं मत बरोबर उलट आहे. इंग्रज नटांचे घोटीव उच्चार असते तर आपण तो काळ पाहत बसलो असतो. या अमेरिकी आवाजांमुळे माणसं ऐकू येतात. सेसिलच्या प्रेमात पडलेल्या दान्सनीबद्दल, म्हणजे कीआनू रीव्ह्जबद्दल, मात्र नाकं मुरडणाऱ्यांचंच बरोबर होतं. एवढा गोंधळलेला संगीतशिक्षक तलवारबाजीत व्हाल्माँला मारेल हे पटवण्यासाठी पटकथेला व्हाल्माँलाच मरायची इच्छा द्यावी लागते. ती तिने दिली, आणि त्याने द्वंद्व उलट चांगलंच झालं.

फोरमनचा ‘व्हाल्माँ’

१७ नोव्हेंबर १९८९ ला फोरमनचा ‘व्हाल्माँ’ आला. पटकथा ज्याँ-क्लोद कारिएरची. कॉलिन फर्थ व्हाल्माँ, अ‍ॅनेट बेनिंग मेर्तय, मेग टिली तूरव्हेल, फेरूझा बाल्क सेसिल. खर्च सुमारे ३.३ कोटी डॉलर, म्हणजे फ्रिअर्सच्या दुपटीहून जास्त. अमेरिकेतला गल्ला साधारण ११ लाख डॉलर. फ्रिअर्सच्या चित्रपटाने तिथे जवळजवळ ३.५ कोटी मिळवले होते.

कुणी म्हणेल, तीच गोष्ट वर्षभरात दुसऱ्यांदा कोण पाहणार? खरंय, पण ती तीच गोष्ट नव्हती. फोरमनने कादंबरीचं मोकळं रूपांतर केलं, आणि त्याचं या माणसांवर प्रेम आहे. बाजार, जेवणं, उघड्यावरचे खेळ, सगळं जिवंत आहे. त्याचा व्हाल्माँ खट्याळ तरुण आहे, मेर्तय गोड हसते, सेसिल खरोखरच पोर दिसते. निव्वळ श्वास घेणारी माणसं म्हणून पाहिलं तर फोरमनची माणसं फ्रिअर्सच्यापेक्षा सरस आहेत, हे मान्य करायलाच हवं. बेनिंगच्या हसण्यामागचा काटा तर उशिरा टोचतो, आणि टोचत राहतो.

घोटाळा होतो तो विश्वासघाताशी येऊन. फ्रिअर्सने पत्राच्या बदल्यात चेहरा तरी घेतला होता. फोरमनने पत्राची धारच बोथट केली आणि तिच्या जागी ममता ठेवली. त्याची तूरव्हेल मरत नाही. ती नवऱ्याकडे परत जाते आणि व्हाल्माँच्या थडग्यावर फूल ठेवून जाते. सेसिल पोटात व्हाल्माँचं मूल घेऊन ठरलेल्याच माणसाशी लग्न करते, आणि म्हातारी मावशी ते जाणून आनंदात असते. फ्रिअर्सच्या शेवटी मेर्तयची भर नाट्यगृहात उडते ती हुर्यो तिथे नाही. आयुष्य असंच चालतं, असं फोरमनला म्हणायचं असावं, आणि ते खोटंही नाही. पण लाक्लोच्या कादंबरीत कर्ज वसूल होतं. ते वसूल होणार या भीतीवरच वाचक पानं उलटतो. फोरमनने सगळ्यांचं कर्ज माफ करून टाकलं. लोक आधी आलेला चित्रपट पाहून कंटाळले होते की या माफीने निराश झाले, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही. मला दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं.

कागदाची ताकद ओळखणारे दुसरेही झाले आहेत. रॉजे व्हादिमने १९५९ मध्ये ही गोष्ट आपल्या काळात आणली, तेव्हा ज्यान मोरोचा चेहरा पत्रं जाळताना भाजतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमंत शाळकरी पोरांवर ‘क्रूएल इन्टेन्शन्स’ निघाला. समीक्षकांना तो उथळ वाटला. पण त्यात मेलेल्या नायकाच्या रोजनिशीच्या प्रती काढून अंत्यविधीलाच सगळ्यांच्या हाती दिल्या जातात. ८१ व्या पत्राचं काय करायचं हे त्या पोराटोरांच्या चित्रपटाला दोन्ही मोठ्या दिग्दर्शकांपेक्षा नीट कळलं, असं म्हटलं तर माझे काही मित्र चिडतात. चिडोत.

मेर्तयचं काय करायचं

कादंबरीत तिला लाक्लोने सगळ्या बाजूंनी ठोकलंय. नाट्यगृहात तिच्या आसपासच्या जागा रिकाम्या होतात, तिला देवी येऊन एक डोळा जातो, दावा हरते, आणि हिरे, दागिने, चांदी घेऊन ती रातोरात हॉलंडला पळते. इतकी शिक्षा वाचताना जरा अतीच वाटते. आधी पावणेदोनशे पत्रं मजा लुटली, आता सभ्यपणाची जकात भरतोय, असं. हॅम्प्टनच्या नाटकात यातलं काही नव्हतं. तिथे मेर्तय पत्ते खेळत बसते आणि मागे भिंतीवर फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी छाटणाऱ्या गिलोटिनची सावली उभी राहते. शिक्षा इतिहासाकडे सोपवलेली.

चित्रपटाने ना देवी घेतली ना गिलोटिन. तूरव्हेल मठात मरते, व्हाल्माँ मरताना पत्रं दान्सनीकडे सोपवतो. मग मेर्तय ऑपेराला येते, आपल्या जागी उभी राहते, आणि सगळं सभागृह तिच्याकडे वळून हुर्यो उडवतं. ती परत फिरते, तिचा तोल किंचित जातो. शेवटी ती आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसते. पहिल्या प्रसंगात दासींनी चढवलेलं सगळं ती आता एकटी उतरवते, आणि पडदा काळा होतो. क्लोजला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं नाही, ते जोडी फॉस्टरला गेलं. मी तो शेवटचा मिनिट कितीदा पाहिला असेल ठाऊक नाही. प्रत्येक वेळी वाटतं, रंग पुसल्यावरही खाली आणखी एक रंग आहे.

आणि तरी प्रत्येक वेळी मी त्या ऑपेराच्या सज्जांतून नजर फिरवतो. त्या शंभरेक माणसांपैकी एखाद्याच्या हाती ती नक्कल हवी होती. अर्धवट घडी घातलेली, बऱ्याच हातांतून गेल्यामुळे मळलेली, तिच्याच मजकुराची.